हिरो इतका रडतो कशासाठी? : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

गेल्या अंकात घाटंजी तालुक्यातील एका वाचकाने ‘माय हिरो अकॅडेमिया’ या जपानी मालिकेविषयी विचारले होते, की ज्याच्या अंगी जन्मतः कोणतीच शक्ती नाही असा मुलगा त्या कथेचा नायक कसा काय ठरतो. मी चार ओळींत उत्तर दिले होते, की तो मुलगा नायक आधी ठरतो आणि शक्ती त्याला नंतर मिळते. एवढ्याशा उत्तरावर या महिन्यात इतकी पत्रे आली, की पोस्टमनने ‘गुरुजी, घरी लग्नबिग्न काढलं काय?’ असे विचारले. काही पत्रे सहमतीची आहेत, बरीच भांडणाची आहेत, आणि भांडणाची पत्रे अधिक मन लावून लिहिलेली असल्याने सुरुवात त्यांच्यापासून करतो.

ज्यांच्या घरी ही मालिका अजून पोचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे भाग आहे. कोहेई होरिकोशी यांची ही चित्रकथा जपानमधील ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात जुलै २०१४ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत ४३० प्रकरणांत प्रसिद्ध झाली आणि २०१६ पासून तिच्यावर आधारलेली ॲनिमे, म्हणजे जपानी चलत्‌चित्रांची, मालिका सुरू झाली. त्या जगात दहांपैकी आठ माणसांना कोणती ना कोणती जन्मजात शक्ती असते. कोणाच्या हातातून आग निघते, कोणाचे अंग दगडासारखे टणक होते, तर कोणाला केवळ लहानसहान वस्तू आपल्याकडे ओढून घेता येतात. इंग्रजी अनुवादात या शक्तीला ‘क्वर्क’ म्हटले आहे, ज्यात विक्षिप्तपणाची छटा आहे. मूळ जपानी ‘कोसेई’ हा शब्द मात्र माणसाच्या वेगळेपणासाठी वापरतात. (आपल्याकडे बैल विकत घेताना ‘खोड काय आहे?’ असे विचारतात, त्यात या दोन्ही छटा थोड्याथोड्या आहेत असे मला उगीच वाटते.) हिरो हा त्या जगात परवाना घेऊन करायचा, पगार मिळणारा पेशा आहे. आपला नायक इझुकू मिदोरिया हा उरलेल्या दोघांपैकी एक, म्हणजे शक्तिहीन आहे. पुढील उत्तरांत कथेचा शेवटही येऊन जातो, तेव्हा ज्यांना तो स्वतः पाहायचा असेल त्यांनी हा अंक सध्या उशाखाली ठेवून द्यावा.

प्रश्न : गुरुजी, गेल्या अंकातले तुमचे उत्तर मला पटले नाही. आमच्या पानठेल्यावर त्यावरून तीन संध्याकाळ वाद चालला. मिदोरियाला जगातील सर्वांत बलाढ्य हिरो ऑल माइट याने स्वतःची शक्ती दिली, म्हणून तो पुढे काही करू शकला. ती मिळाली नसती तर तो वहीत दुसऱ्यांच्या शक्तींची टिपणे काढत बसला असता. मग ही कथा दुबळ्याची कशी? ही तर वशिला लागलेल्याची कथा झाली.
– आयटीआयचा विद्यार्थी, तालुका देवळी, जिल्हा वर्धा

उत्तर : तुमच्या आक्षेपातील अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो. लेखकाने पहिल्याच प्रकरणात ‘शक्तीविना हिरो होता येईल का?’ हा प्रश्न नायकाच्या तोंडी घातला आणि लवकरच त्याला शक्ती देऊ करून तो प्रश्न पुढची दहा वर्षे लांबणीवर टाकला. याला पळवाट म्हणणारे चाहते जपानमध्येही असतील. परंतु तुम्ही ज्याला वशिला म्हणता, तो त्याला कोणत्या प्रसंगानंतर लागला हे पुन्हा एकदा नीट पाहा, कारण माझ्या उत्तराचा सारा भार त्या प्रसंगावर होता.

गटारीच्या गाळासारखा एक खलनायक बाकुगो या मुलाला गिळू पाहत आहे आणि बाकुगोच्या स्फोटांमुळे सगळीकडे आग लागली आहे. घटनास्थळी परवानाधारक हिरो हजर आहेत, एकटादुकटा नव्हे, चांगले चार. त्यांच्यातील एकीचे शरीर इतके प्रचंड होते की ती अरुंद गल्लीत शिरू शकत नाही. एकाचे अंग लाकडाचे असल्याने तो आगीजवळ जात नाही. एकाच्या दंडात भरपूर जोर आहे, परंतु गाळाला मुठीत धरता येत नाही. चौथा आग विझवण्यात गुंतला आहे. यांपैकी कोणीही भित्रा नाही. प्रत्येकाने आपली शक्ती आणि समोरचे संकट यांचा हिशेब केला, तो जुळला नाही, आणि योग्य शक्तीचा माणूस येईपर्यंत थांबायचे असे त्यांनी ठरवले. खुद्द ऑल माइट त्याच गर्दीत उभा आहे, कारण जुन्या जखमेमुळे त्याला दिवसाचे तीनच तास बलवान रूप धारण करता येते आणि त्या दिवसाची वेळ संपलेली आहे. त्याचाही हिशेब जुळलेला नाही. अशा वेळी ज्याच्याजवळ जमेच्या बाजूला मांडायला काहीच नाही तो पोरगा धावत सुटतो, दप्तर त्या गाळाच्या डोळ्यावर भिरकावतो आणि नखांनी गाळ उकरू लागतो. हा तोच बाकुगो आहे, ज्याने त्याच दिवशी त्याची वही जाळून खिडकीबाहेर फेकली होती.

आता तुमच्या बाजूने बोलतो. त्या धावण्याने बाकुगो वाचला नाही. ऑल माइट लाजेने पेटून पुढे सरसावला नसता तर दोन्ही मुले मेली असती, आणि कथा हे लपवत नाही. उलट नंतर सगळे हिरो मिदोरियाला रागावतात आणि बाकुगोच्या शक्तीची वाहवा करतात. म्हणजे त्याचे धाडस फळाला आले ते दुसऱ्याच्या बळामुळे, आणि ते बळ जागे झाले ते त्याच्या धाडसामुळे. मला या प्रसंगात हेच महत्त्वाचे वाटते, आणि म्हणूनच ‘दुबळा विरुद्ध बलवान’ अशी तुमची मांडणी मला अपुरी वाटते.

आणखी एक. शक्ती हातात पडली म्हणजे लगेच वापरता आली असे झाले नाही. अशक्त शरीरात ती घातली तर हातपाय तुटून पडतील म्हणून त्याला दहा महिने एका समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उपसायला लावले. जुने फ्रीज, टायर, मोडके सामान ओढून ओढून त्याने तो किनारा स्वच्छ केला, आणि मगच त्याला शक्ती मिळाली. महाबली होण्याची तयारी म्हणून कचरा साफ करायला लावणे अनेकांना विनोदी वाटले. गाडगेबाबांचा खराटा ज्या मुलुखात फिरला, तेथल्या वाचकांना तरी ते विचित्र वाटू नये.

पुढे हिरो-शाळेच्या प्रवेश परीक्षेतही लेखकाने हाच मुद्दा आकड्यांत मांडला आहे. यंत्रमानव पाडले की गुण मिळतात, असे सर्वांना सांगितलेले असते. बाकुगो त्यात ७७ गुण मिळवून पहिला येतो. मिदोरियाला तेथे शून्य मिळते. परंतु एका मुलीला वाचवण्यासाठी, ज्याला पाडून एकही गुण मिळणार नाही अशा राक्षसी यंत्रावर तो तुटून पडतो, आणि परीक्षकांनी गुप्त ठेवलेल्या ‘बचाव’ या सदरात त्याला ६० गुण मिळतात. बाकुगोला त्या सदरात शून्य आहे. मी पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. असे गुप्त सदर आपल्या परीक्षांत असते, तर आमच्या शाळेचे निकाल फार वेगळे लागले असते.

शेवटाबद्दल मात्र तुमच्या पानठेल्यावर आणखी तीन संध्याकाळ सहज जातील. अंतिम लढाईत मिदोरिया ती शक्ती खर्चून टाकतो आणि हळूहळू पुन्हा शक्तिहीन होतो. आठ वर्षांनंतर तो त्याच शाळेत शिक्षक आहे. मग जुने मित्र पैसे जमवून त्याच्यासाठी एक यांत्रिक चिलखत बनवून घेतात आणि तो पुन्हा मैदानात उतरतो. मला ते चिलखत नको होते. वर्गात उभा राहिलेला मिदोरिया हे त्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर होते, असे माझे मत आहे, आणि एका निवृत्त मास्तराच्या मताला जेवढे वजन द्यायचे तेवढेच तुम्ही त्याला द्या.

प्रश्न : मी नवव्या वर्गात आहे. मोबाइलवर ही मालिका पाहताना माझा मोठा भाऊ मागून येतो आणि म्हणतो, ‘काहून रडून राह्यला बे हा पोट्टा? असा असते काय हिरो?’ मला उत्तर देता येत नाही, कारण मिदोरिया खरोखरच फार रडतो. गुरुजी, लेखकाने त्याला इतके रडवले कशासाठी?
– चिखली तालुका, जिल्हा बुलढाणा

उत्तर : बाळा, तुझ्या भावाचे निरीक्षण अचूक आहे. मिदोरिया आनंदात रडतो, रागात रडतो, आणि कोणी जेवायला वाढले तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येईल असे वाटते. कधीकधी त्याचे अश्रू कारंजासारखे काढलेले असतात, तेथे लेखक स्वतःही हसतो आहे, तेव्हा भावाने हसायला हरकत नाही.

परंतु त्या रडण्याचा उगम कोठे आहे ते त्याला दाखव. मिदोरिया चार वर्षांचा असताना डॉक्टर त्याच्या पायाच्या करंगळीतील एक जास्तीचा सांधा दाखवून सांगतात, की याला कधीही शक्ती येणार नाही. घरी आल्यावर तो संगणकासमोर बसून ऑल माइटची चित्रफीत लावतो आणि आईला विचारतो, की मला होता येईल ना असा हिरो? आई त्याला कवटाळून रडत रडत माफी मागते. तिच्या मायेत काहीच खोट नव्हती. तरीही त्या क्षणी त्याला माफी नको होती, ‘हो, होता येईल’ एवढे शब्द हवे होते, आणि ते त्याला पुढे दहा वर्षांनी एका परक्या माणसाकडून ऐकायला मिळाले. तेव्हा तो रस्त्यावर गुडघे टेकून रडला, ते मला तरी जास्त वाटले नाही.

भावाला आणखी एक भाग दाखव. ऑल माइटची शक्ती कायमची संपल्यानंतर बाकुगो एका रात्री मिदोरियाला जुन्या सरावाच्या मैदानावर बोलावतो आणि त्याच्याशी मारामारी करतो. खलनायकांनी बाकुगोला पळवून नेले नसते तर त्याला सोडवताना ऑल माइट संपला नसता, हे ओझे तो कोणालाही न सांगता वाहत होता. जो मुलगा सर्वांत कठोर, ज्याच्या तोंडी सदा शिव्या आणि धमक्या, तो तेथे रडतो. मिदोरियाचे अश्रू रोज वाहत असल्याने साचत नाहीत. बाकुगोचे साचले आणि ते मारामारीतूनच बाहेर पडले. तुझ्या भावाला या दोघांपैकी कोणाशेजारी बाकावर बसायला आवडेल, हे त्याला विचार.

शाळेत असताना ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरले असेल याची मोजदाद नाही. एकदा पाचव्या वर्गातील एका मुलाला मी असेच गप्प केले होते, आणि त्याच्या घरचा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी मेला होता हे मला नंतर कळले. तो मुलगा आता मोठा कास्तकार आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला दरवेळी तो वर्ग आठवतो.

प्रश्न : माझे वडील फवारणीला जातात. गेल्या हंगामात त्यांना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी घरी कोणाला कळू दिले नाही. शेजारच्या काकांकडून आम्हाला समजले. विचारले तर म्हणतात, ‘घरात मीच हातपाय गाळले तर कसं होईल?’ ऑल माइटने स्वतःची जखम लपवली तेव्हा मला तो फार थोर वाटला होता. आता मला त्याचा राग येतो. माझे चुकते आहे का?
– बी. ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मुली, तुझे चुकत नाही. ऑल माइटविषयी दोन्ही भावना एकाच वेळी बाळगता येतील इतका तो माणूस नीट लिहिलेला आहे.

त्याचे खरे नाव तोशिनोरी यागी. एका लढाईत त्याच्या पोटाचा आणि फुप्फुसाचा भाग निकामी झाला, जठर काढून टाकावे लागले, आणि बलवान रूप उतरले की तो हाडांचा सापळा, तोंडातून रक्त येणारा माणूस असतो. हे त्याने जगापासून लपवले, कारण ‘ऑल माइट आहे’ एवढ्या भरवशावर गुन्हेगार दबून होते आणि लोक रात्री निवांत झोपत होते. तो नेहमी हसतो, आणि त्या हसण्याबद्दल तो स्वतःच सांगतो, की आतली भीती आणि दडपण झाकण्यासाठी मी हसतो. तुझ्या वडिलांचे वाक्य आणि त्याचे वाक्य यांत फारसे अंतर नाही.

आता त्या लपवण्याची किंमत पाहू. कामिनो येथील लढाईत साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर त्याचे खंगलेले रूप दिसते. गंमत अशी, की ज्या क्षणाला तो घाबरत होता त्या क्षणी लोक त्याला सोडून जात नाहीत. तसाच काडीसारखा उभा असलेल्या त्या माणसाला ते ओरडून ओरडून जिंकायला सांगतात. तो जिंकतो, आणि त्याची शक्ती संपते. नंतर मात्र सगळे ढासळू लागते, कारण एका खांबावर उभ्या असलेल्या छपराला दुसरा खांब लावण्याचा विचार कोणी केलाच नव्हता, आणि तो विचार करण्याची गरज आहे हे त्यानेच कोणाला कळू दिले नव्हते. तुझा राग नेमका येथे आहे, आणि तो रास्त आहे.

याच्या उलट उदाहरण त्याच्या शिष्याचे आहे. मिदोरिया सुरुवातीला प्रत्येक लढाईत स्वतःची हाडे मोडून घेतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मग त्याला स्पष्ट सांगितले जाते, की असेच आणखी काही वेळा झाले तर हात कायमचे निकामी होतील. तेव्हा तो मूठ आवळून ‘बघून घेऊ’ म्हणत नाही. लढण्याची पद्धत बदलतो, पायांचा वापर शिकतो आणि शाळेतील यंत्रे बनवणाऱ्या मुलीकडून बुटांना लोखंडी तळ बसवून घेतो. मालिकेतील माझ्या आवडत्या प्रसंगांत हा एक आहे, जरी त्यात लढाई नाही आणि पार्श्वसंगीतही फारसे नाही.

वडिलांना हे कथानक सांगून उपयोग होईल असे मला वाटत नाही. त्यांना २०१७ चा खरीप हंगाम आठवत असेल. त्या वर्षी तुमच्याच जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. ते सारे अंगमेहनतीचे, ताकदीचे लोक होते. श्वासावाटे आणि कातडीवाटे आत जाणारे विष माणसाचा दंड मोजत नाही. तेव्हा मुखपट्टी, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा तू स्वतः आणून पंपाशेजारी ठेव. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, उपाशीपोटी जाऊ नये, मध्येच तंबाखू चोळू नये, आणि घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ करावी. पुन्हा चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत घेऊन त्याच घडीला दवाखाना गाठा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. आणि शेजारच्या काकांना सांगून ठेव, की पुढच्या वेळी त्यांनी तुला लगेच फोन करावा. ऑल माइटजवळ असा शेजारी नव्हता.

प्रश्न : मुलासोबत पाहता पाहता मलाही ही मालिका आवडू लागली. परंतु मला हिरोंपेक्षा त्या शिगाराकी नावाच्या खलनायकाचेच वाईट वाटते. मुलासमोर असे म्हणावे की नाही, कळत नाही.
– अंगणवाडी सेविका, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : ताई, अवश्य म्हणावे, आणि त्याने केलेल्या हत्यांविषयीही त्याच दमात बोलावे. कथा स्वतः तसेच करते.

शिगाराकीचे मूळ नाव तेन्को. हिरो होण्याचे स्वप्न पाहणारे पाच वर्षांचे पोर. एके दिवशी त्याची शक्ती अचानक जागी होते, हात लागेल ते भुगा होऊन पडते, आणि त्यात त्याचे सारे घर संपते. मग तो रक्ताळलेल्या चेहऱ्याने शहरातून भटकतो. रस्ता माणसांनी भरलेला आहे. एक वृद्ध बाई थांबते, विचारपूस करू लागते, परंतु त्याचा चेहरा पाहून दचकते आणि कोणी हिरो किंवा पोलीस येईल असे पुटपुटून निघून जाते. ती दुष्ट बाई नाही. तिच्या जगात मदत करणे हे पगारी लोकांचे काम झाले आहे, एवढेच. अखेर जो हात त्या मुलापुढे येतो, तो सर्वांत मोठ्या खलनायकाचा असतो. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला त्या प्रसंगात पोटात कालवले नसते तरच नवल होते.

मिदोरियालाही तेच दिसते. लढताना त्याला शिगाराकीच्या आत ते रडणारे मूल दिसते आणि ते डोळ्यांआड करणे त्याला जमत नाही. तरी शिगाराकी वाचत नाही, आणि लेखकाने ही हार हार म्हणूनच ठेवली आहे. त्यानंतर अगदी अखेरीस ती वृद्ध बाई पुन्हा येते. असेच एक भेदरलेले, एकटे पोर तिला रस्त्यात दिसते. ती या वेळीही घाबरलेली आहे, पण परत फिरत नाही, आणि त्याच्यापुढे हात करते. तिच्याजवळ लढण्याची कोणतीही शक्ती नाही. साऱ्या मालिकेत मला तिच्याइतके शूर पात्र दुसरे आढळले नाही.

तुम्ही वरोऱ्याच्या आहात, म्हणून एक गोष्ट आठवली. ती तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना एकट्याने भिडलेल्या बाबा आमटे यांना गांधीजींनी ‘अभय साधक’ म्हटले होते. तेच बाबा एकदा पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून भीतीने पळाले. आपण पळालो हे त्यांनी लपवले नाही. ते परत गेले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे आनंदवन उभे राहिले. मुलाला शिगाराकीची गोष्ट सांगताना ही जोडून सांगा. त्याला शेवटी हात पुढे करणारी ती वृद्ध बाई कोठून आली ते कळेल.

प्रश्न : ऑल माइट आणि ‘वन पंच मॅन’मधला सैतामा यांची कुस्ती लावली तर कोण जिंकेल? आमच्या गावात पैज लागली आहे.
– तालुका वरुड, जिल्हा अमरावती

उत्तर : सैतामा. पैज संपली, संत्री वाटून खा. तो कोणालाही एका ठोशात हरवतो, हीच त्याची अडचण आहे, कारण त्यामुळे त्याला कशातच राम वाटत नाही. ज्याला हरण्याची शक्यताच नाही त्याच्या शौर्याची परीक्षा घ्यायची कशी, या पेचातून ती सारी विनोदी कथा निघाली आहे. त्याच कथेत सायकलवरून गस्त घालणारा, शक्ती नसलेला मुमेन रायडर आहे. समुद्रातून आलेल्या राक्षसासमोर आपण टिकणार नाही हे पक्के माहीत असूनही तो उभा राहतो आणि मार खातो. नंतर सैतामा त्या राक्षसाला सहज मारतो, आणि बघ्यांपैकी एकजण आधी हरलेल्या हिरोंची टिंगल करू लागला तेव्हा ‘त्यांनी त्याला दमवले होते, मी आयते श्रेय घेतले’ असे खोटेच सांगून सारी बदनामी स्वतःवर ओढून घेतो. मला विचाराल तर त्या दिवशी सैतामाने दाखवलेली खरी ताकद ठोशात नव्हती, त्या खोटे बोलण्यात होती.

प्रश्न : लहानपणी पोलिओ झाल्याने माझा एक पाय बारीक आहे. शाळेपासून मला गावात एका टोपणनावाने हाक मारतात, ते येथे लिहीत नाही. एक मित्र म्हणतो, की मिदोरियाने ‘डेकू’ हे चिडवण्याचे नाव स्वतःचे हिरो-नाव करून टाकले, तसे तूही कर. मला ते जमत नाही. मी कमजोर मनाचा आहे का?
– झेरॉक्सचे दुकान चालवणारा वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या मित्राने गोष्ट खरी सांगितली, परंतु अर्धीच. ‘इझुकू’ हे नाव ज्या अक्षरांत लिहितात ती ‘डेकू’ अशीही वाचता येतात, आणि जपानीत ‘देकुनोबो’ म्हणजे लाकडी बाहुली, कुचकामी माणूस. बाकुगोने लहानपणी ते नाव चिकटवले. पुढे उराराका नावाची मैत्रीण सहज म्हणते, की मला तर ते ‘जमेल तुला’ असे म्हटल्यासारखे ऐकू येते, आणि त्या दिवसापासून त्याला त्या नावाचा त्रास होईनासा झाला. म्हणजे नावाचा अर्थ त्याने एकट्याने दात-ओठ खाऊन बदलला नाही. मायेने हाक मारणारे दुसरे कोणी आधी भेटले. तुम्हाला तसे कोणी भेटले नसेल, तर ते नाव अंगावर मिरवण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. तुमचा पाय तुमचा आहे. ते टोपणनाव गावाचे आहे, आणि ते टाकून देण्याचे कामही गावाचे आहे.

त्या मित्राला मालिकेतील पावसाचा प्रसंग पुन्हा पाहायला सांगा. मिदोरिया सर्वांना सोडून एकटाच लढत फिरत असतो, चिखलाने माखलेला, अन्नपाण्याविना, आणि वर्गमित्र त्याला परत न्यायला येतात. त्या वेळी बाकुगो सर्वांदेखत कबूल करतो, की तुझ्याजवळ काहीच नसताना तू माझ्यापुढे आहेस असे मला वाटत असे, आणि ते सहन न झाल्याने मी तुला छळत आलो. मग तो माफी मागतो. साऱ्या मित्रांनी ‘डेकू’ हे नाव गौरवाचे म्हणून स्वीकारलेले असताना, माफी मागणारा बाकुगो त्याला ‘इझुकू’ म्हणतो.